सामुदायिक पेरणीचे नियोजन व सामाईक तक्ता

सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच करावयाची असते. ही ओल फार दिवस टिकत नाही. गटात पेरणी यंत्र एकच असेल आणि क्रम आधी ठरला नसेल, तर ज्याचा शब्द मोठा त्याचे शेत आधी पेरले जाते व लहान खातेदार मागे राहतो. ही अडचण टाळण्यास मोबाइलवरील सामाईक तक्ता उपयोगी पडतो.

व्हॉट्सॲपवर निरोप लवकर पोहोचतो. परंतु नव्या निरोपांखाली जुना दबून जातो. गूगल शीटचे तसे नाही. तक्ता एकच असून एकाने केलेली दुरुस्ती इतरांस तत्काळ दिसते.

तक्ता पुढीलप्रमाणे करावा :

1. प्रत्येक शेतकऱ्यासाठी एक ओळ ठेवावी. तीत नाव, क्षेत्र, बियाण्याची उगवणशक्ती, लागणारे बियाणे व यंत्राचा दिवस असे रकाने असावेत.

2. घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. 70 दाणे उगवल्यास एकरी 30 किलो बियाणे पुरते. 65 उगवल्यास सुमारे 32 किलो घ्यावे. यावरून गटाच्या बियाण्याची बेरीज आपोआप निघते.

3. यंत्राने दिवसाला 10 एकर पेरणी होते असे धरल्यास 40 एकरांस 4 दिवस लागतील. लागून असलेली शेते एकाच दिवशी घ्यावीत, म्हणजे यंत्राची ये-जा वाचते. मध्येच पाऊस आल्यास दिवस पुढे सरकवावेत. क्रम मात्र बदलू नये.

4. बदल करण्याचा अधिकार दोघातिघांकडेच ठेवावा. इतरांस तक्ता पाहण्याची व त्यावर टिप्पणी लिहिण्याची मुभा द्यावी. कोणी काय बदलले याची नोंद तक्त्याच्या इतिहासात राहते व चुकून पुसलेला आकडा परत आणता येतो.

5. आधार क्रमांक वा बँक खात्याचा क्रमांक तक्त्यात कदापि लिहू नये.

ज्यांच्यापाशी असा मोबाइल नाही, त्यांची नावे प्रथम लिहावीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तक्त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी व बदल होताच ती बदलावी.

तक्ता हे केवळ साधन होय. क्रम सर्वांच्या बैठकीत, सर्वांच्या संमतीने ठरावा. तक्त्याने तो सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवावा. हे काम मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच उरकून घेणे हितावह आहे.