बाइक १९० पीएसची, पण सुटताना कामी येते किती? ड्रॅग लाँचमागचं गणित

भिवंडीतल्या माझ्या मावसभावाने मागच्या महिन्यात एक व्हिडिओ पाठवला. रात्रीचा मुंबई-नाशिक हायवे, मित्राची लिटर क्लास बाइक. बाइक सुटते, पुढचं चाक कमरेइतकं वर येतं आणि त्याच क्षणी बाजूच्या गोडाऊनमधून एक कंटेनर अर्धा रस्त्यावर येतो. थोडक्यात वाचला. खाली त्याचा प्रश्न: "दादा, लाँच अजून फास्ट कसा मारायचा?"

प्रश्न चांगला आहे, जागा चुकीची आहे. आधी प्रश्नाचं उत्तर देतो.

ताकद कमी पडत नाही, जास्त होते

जोरात सुटताना बाइक मागच्या चाकावर उलटायला बघते. साध्या स्ट्रीट बाइकचा गुरुत्वमध्य (रायडर धरून) मागच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपासून जितका पुढे असतो, साधारण तितकाच जमिनीपासून उंच असतो. त्यामुळे वेग वाढण्याचा दर १ जीच्या, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गेला की पुढचं चाक उचलतं.

आता हिशोब करा. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागिले ९.८, उत्तर साधारण २.८ सेकंद. इंजिन कितीही मोठं असो, साधी बाइक शून्य ते शंभर याहून फारशी लवकर जाणार नाही.

सुझुकी हायाबुसा घ्या. १९० पीएस, वजन २६४ किलो. रायडर धरून ३४० किलो समजू. ताशी ६० किमी वेगाला १ जीसाठी लागतात फक्त ७५ पीएस! बाकीची ताकद चाक उचलणार किंवा टायर फिरवणार. म्हणूनच ड्रॅग बाइकचा स्विंगआर्म लांब करतात आणि पुढचा फोर्क खाली बांधतात.

खरी करामत डाव्या हाताची

हायाबुसा पहिल्या गिअरमध्ये ४००० आरपीएमला ताशी ५० किमीच्या आसपास धावते. पण सुटताना चाक तर थांबलेलं असतं. हा फरक क्लच प्लेट घसरून भरून काढतात. मानकोली नाक्याच्या जॅममध्ये ट्रकवाला हाफ क्लचवर इंच इंच पुढे सरकतो ना? तेच तंत्र, फक्त दीड सेकंदात.

क्रम असा:

१. छाती टाकीवर, कंबर पुढे. वजन पुढे गेलं की चाक उशिरा उचलतं.
२. आरपीएम ठरवा. नवशिक्याने ४००० च्या आसपास सुरुवात करावी आणि तोच आकडा धरून ठेवावा. रोज नवा आकडा घेतलात तर काय चुकलं ते कळणार नाही.
३. क्लच पकडायला लागतो त्या बिंदूपर्यंत लिव्हर सोडून ठेवा.
४. सुटताना लिव्हर झटक्यात सोडू नका. पहिले १५-२० मीटर हळूहळू सोडा. क्लच पूर्ण सुटल्यावरच थ्रॉटल वाढवा.
५. चाक उचललं तर थ्रॉटल एकदम बंद करू नका, चाक आपटेल आणि हँडल हलेल. किंचित कमी करा किंवा क्लच थोडा दाबा.

दोन-तीन लाँचनंतर क्लच थंड होऊ द्या. जळका वास आला तर त्या दिवसापुरतं बास.

२०२१ च्या हायाबुसामध्ये लाँच कंट्रोल आहे. ते आरपीएम धरून ठेवतं आणि चाक उचलू लागलं की ताकद कापतं. पण क्लच तुम्हालाच सोडायचा असतो.

फोनचा उपयोग

बहुतेक फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच वेग मोजतं. तीन सेकंदांच्या लाँचमध्ये तीन-चार आकडे, त्यावर काय ठरवणार? त्यापेक्षा स्लो-मो वापरा. २४० एफपीएसला एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. मित्राला बाजूला उभं करून डावा हात आणि पुढचं चाक शूट करायला सांगा. मी माझा पहिला लाँच असाच बघितला. मला वाटत होतं मी क्लच हळू सोडतोय. व्हिडिओत बोटं पाव सेकंदात उघडी! ड्रॅग रेसर्सचा ठोकताळा आहे की पहिल्या ६० फुटांत वाचवलेला ०.१ सेकंद ४०२ मीटरच्या शेवटी दीडपट ते दुप्पट होऊन मिळतो.

आता जागेबद्दल

हायवेवर धूळ असते, सांडलेलं डिझेल असतं, कंटेनर असतो. वर लिहिलेलं सगळं गणित टायरला पकड मिळेल हे धरून आहे. तिथे ती भरवशाची नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय रेस लावली तर पहिल्याच वेळी ५००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा झालेली आहे. राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धेच्या फेऱ्या चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर झाल्या आहेत, बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पाने तिथे अनेक विजेतेपदं मिळवली आहेत. अशा ठिकाणी हेल्मेट-सूटची तपासणी होते, ॲम्ब्युलन्स उभी असते. आणि हो, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून मिळते. हायवेवर मिळते ती फक्त मित्राची शिट्टी.

भावाला मी एवढंच लिहिलं: "पुढचा व्हिडिओ स्ट्रिपवरचा पाठव. फ्रेम बाय फ्रेम मी बघून देतो. एंट्री फी अर्धी माझी."