जुन्या घराची दुरुस्ती आणि पैशाचा हिशेब



‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपले वाडवडील सांगून गेले. पण खरं विचाराल तर नवं घर बांधणं एक वेळ सोपं, जुनं दुरुस्त करणं अवघड. नव्या घराचा खर्च कागदावर मांडता येतो. जुन्या घराच्या पोटात काय दडलं आहे, ते वरवर पाहून कळत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकलो. २०१८ साली गावच्या घराची कौलं बदलायचं ठरवलं. कौलांचा भाव काढला, मजुरी विचारली, पैशांची जुळणी केली आणि मे महिन्यात छप्पर उघडलं. पाहतो तो आढ्याला आणि निम्म्याअधिक वाशांना वाळवी! लाकडाचा पैसा माझ्या हिशेबात नव्हताच. तो उभा करीपर्यंत मृग निघाला. म्हातारी आई दोन आठवडे ताडपत्रीखाली राहिली आणि कणगीतली ज्वारी भिजली. यात चूक गवंड्याची नव्हती की सुताराची नव्हती, माझी होती.

म्हणून पहिली गोष्ट तपासणीची. कौल काढण्याआधी सुताराला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या आणि वर चढवा. प्रत्येक वाशावर ठोकून पाहावं, पटाशीचं टोक दाबून पाहावं. आवाज पोकळ आला किंवा टोक सहज आत शिरलं, की ते लाकूड गेलं असं समजा. अर्ध्या दिवसाची ही मजुरी पुढचे हजारो रुपये वाचवते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. ‘अंदाजे इतकी पोती लागतील’ या बोलण्यावर माल आणू नये. आता बघा, आपली खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चारही भिंतींची मिळून लांबी झाली ४४ फूट. उंचीने गुणलं की ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे १२ वजा करा. राहिले ४०७. अर्धा इंच जाडीचा गिलावा करायचा तर तो भरतो सुमारे १७ घनफूट. पण सुका माल पाणी घातल्यावर आकसतो, भिंत खडबडीत असते, थोडी सांडलवंडही होते. तेव्हा सुका माल दीडपट, म्हणजे २६ घनफूट धरावा. एक भाग सिमेंट आणि पाच भाग वाळू या प्रमाणात ५० किलोची साडेतीन पोती लागतात. आपण चार आणू. वाळू लागते २२ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पाव ब्रासही पुरी लागत नाही. शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात जरूर घ्यावं. मुलं आपापल्या घराच्या भिंती मोजून आणतील आणि घरातली मोठी माणसंही ती वही पाहतील.

मात्र हा हिशेब विटांच्या भिंतीचा झाला. भिंत मातीची असेल तर तिला सिमेंटचा गिलावा देऊ नये. आतली ओल कोंडते, आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. तिथं मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा बरा.

तिसरी गोष्ट, हाती असलेला सगळा पैसा कामाला लावू नये. एक लाख रुपये असतील तर ८० हजारांचंच काम काढा. पाचवा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला असू द्या, आणि छप्पर पुरं होईपर्यंत त्याला हात लावू नका. माझ्याजवळ तेवढी शिल्लक असती तर ज्वारी भिजली नसती.

चौथी गोष्ट क्रमाची. आधी छप्पर, मग भिंती, मग फरशी आणि शेवटी रंग. पैसा मध्येच संपला तर बिनरंगाच्या घरात राहता येतं, बिनछपराच्या घरात राहता येत नाही. काम उक्तं दिलं तर काय काय करायचं ते कागदावर लिहून घ्यावं आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता काम पाहून झाल्यावरच.

आता कर्जाचं. काढावंच लागलं तर व्याजाचा दर महिन्याचा की वर्षाचा, ते आधी विचारा. ‘शेकडा तीन’ ऐकायला थोडं वाटतं. पण ते महिन्याचं असेल तर ५० हजारांवर महिन्याला दीड हजार आणि वर्षाला १८ हजार रुपये नुसतं व्याज जातं. मुद्दल जागच्या जागीच. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवावं. आधी बँकेत किंवा पतसंस्थेत चौकशी करावी.

दिवाळी झाली की मोजमाप आणि तपासणी उरका. उन्हाळ्यात कामाला हात घाला आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत छप्पर पुरं करा. मग मृगाची पहिली सर कौलांवर वाजेल, तेव्हा घरातलं माणूस निर्धास्त झोपेल. हिशेब करायचा तो एवढ्याचसाठी.