माशांच्या काचपेटीसाठी पाणी कोणते घ्यावे ?

पुष्कळांचा असा समज असतो की, जे पाणी माणसास पिण्यास योग्य, ते माशांसही योग्यच असले पाहिजे. परंतु हा समज बरोबर नाही. नळाच्या व टी.सी.एल. भुकटी टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात रोगजंतूंच्या नाशासाठी क्लोरीन असतो. माणसास तो बाधत नाही. पण माशांचे नाजूक कल्ले त्यामुळे होरपळतात व मासे गुदमरून मरतात. म्हणून असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान २४ तास उघडे ठेवावे व अधूनमधून ढवळावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. हे भांडे तांब्याचे मात्र नसावे. तांब्याच्या हंड्यातील पाणी आपण आवर्जून पितो. परंतु तांब्याचा अल्प अंशही माशांस विषारी ठरतो.

कूपनलिकेच्या पाण्यात बहुधा प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून धार धरून अनेकदा ओतावे. फवारणी केलेल्या शेतालगतच्या ओढ्याचे पाणी कधीही घेऊ नये; कीटकनाशकाचा अंश पाणी नुसते ठेवल्याने जात नाही.

पेटीतील सर्व पाणी एकदम बदलू नये. मासे पाण्यात अमोनिया सोडतात व वाळूतील उपयुक्त जीवाणू त्याचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. यास्तव आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणीच बदलावे व वाळू क्लोरीनच्या पाण्याने धुऊ नये.

विहिरीत भुकटी कोणत्या दिवशी टाकली, हे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील शाळेस व मासे पाळणाऱ्यांस अवश्य कळवावे. एवढ्या सूचनेनेही पुष्कळ मासे वाचतील.