साठीनंतरची सायकल

‘‘डॉक्टर, आता या वयात सायकल चालवली तर चालेल का?’’ हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात बहुधा अगदी शेवटी, खुर्चीवरून उठता उठता विचारतात. रक्तदाब मोजून झालेला असतो, गोळ्या लिहून झालेल्या असतात आणि सोबत आलेला मुलगा किंवा सून ‘‘काहीतरीच काय, बाबा!’’ असे म्हणून परस्पर निकाल देऊन मोकळी होते. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आज सत्तरीत असलेल्या पिढीचे तारुण्य सायकलवर गेले आहे. पुण्याला तर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखत. तासावर भाड्याने आणलेल्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकलेली, कारखान्याची पाळी आणि कॉलेजची वर्षे तिच्यावरच काढलेली ही माणसे आहेत. कोणालाही न विचारता घराबाहेर पडण्याची मुभा त्यांना सायकलने दिली होती. उतारवयात नेमकी हीच मुभा एकेक करून कमी होत जाते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या कसोटीवर, विचारपूर्वक द्यायला हवे.

उत्तर असे, की बहुतेक ज्येष्ठांना सायकल चालवता येते आणि ती त्यांच्या हिताचीही असते. जपायचे असते ते पडण्यापासून. हे दोन मुद्दे वेगळे ओळखले, की घरातील वादही पुष्कळसा मिटतो.

शरीराला काय मिळते?

चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर शरीराचा भार येतो. सायकलवर तो भार बराचसा सीट पेलते आणि गुडघा मात्र हलता राहतो. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्याच्या हालचालीतून तिला पोषण मिळते. शिवाय पायडल दाबताना मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो. गुडघ्याला आधार देणारा मुख्य स्नायू हाच. त्यामुळे अर्धा तास चालणे ज्यांना झेपत नाही, त्यांतील कित्येकांना अर्धा तास सायकल झेपते. काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे मधुमेहींना लाभ होतो. हृदय आणि फुप्फुसे यांनाही बेताचा, सलग व्यायाम घडतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 55 ते 79 वर्षे वयाच्या 125 हौशी सायकलस्वारांची तपासणी केली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की दीर्घकाळ नियमित सायकल चालवणाऱ्या या मंडळींचे स्नायू वयाच्या मानाने उत्तम टिकून होते आणि रोगप्रतिकारशक्तीतील काही पेशींची निर्मितीही तरुणांच्या तोडीची होती. ही मंडळी अर्थात सरावातली होती. उद्या सायकल घेऊन परवा हे फळ मिळणार नाही, हेही ओघाने आलेच.

सराव उशिरा सुरू केला तरी तो वाया जात नाही, याचे उदाहरण फ्रान्सचे रॉबेर मारशाँ यांचे. 1911 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी साठी उलटल्यानंतर पुन्हा सायकल हाती घेतली. 2012 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात 24.25 किलोमीटर अंतर कापले आणि 2014 साली 26.927 किलोमीटर. दोन वर्षांनी वय वाढले आणि अंतरही वाढले! दरम्यानच्या काळात त्यांच्या सरावाचा बहुतांश भाग हलक्या गतीचा आणि थोडाच भाग जोमाचा होता. त्यांच्या विक्रमाचे अनुकरण कोणी करू नये. सरावाचे प्रमाण मात्र लक्षात ठेवावे.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे हाडे बळकट करण्यासाठी ती पुरेशी नाही. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी चालणे, झेपेल तसे जिने चढणे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम चालूच ठेवावेत.

आधी स्वतःला तपासा

खुर्चीच्या हातांचा आधार न घेता आपण सहज उठू शकता का? ओट्याजवळ किंवा टेबलाजवळ, सोबत कोणी असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? मान वळवून मागून येणारे वाहन पाहता येते का? उत्तरे ‘नाही’ अशी आली, तर आधी काही आठवडे स्नायूंचे व तोलाचे व्यायाम करावेत आणि तोवर घरातील स्थिर सायकलवर समाधान मानावे. मोतीबिंदूमुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन डोळ्यांत खुपते, काचबिंदूमुळे बाजूचे दिसणे कमी होते. म्हणून नेत्रतपासणी करून घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावूनच बाहेर पडावे.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, वारंवार येणारी चक्कर, आकडी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बसवलेला कृत्रिम सांधा, यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही दुर्लक्षित करू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. हेल्मेट सर्वांनीच घालावे. अशा रुग्णांनी तर त्याविना फाटकाबाहेर पडूच नये.

सायकल कशी असावी?

पुष्कळ ज्येष्ठ तोल गमावतात ते चढताना, उतरताना आणि अगदी सावकाश वळताना. म्हणून मधली आडवी दांडी नसलेली, आपल्याकडे जिला ‘लेडीज सायकल’ म्हणतात, ती पुरुषांनीही निःसंकोच घ्यावी. मागून टांग टाकून बसण्याचा तरुणपणीचा रुबाब आता सोडून द्यावा. सायकल थोडी आपल्याकडे झुकवावी, दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, पाय मधून पलीकडे टाकावा आणि मगच बसावे. उतरताना सायकल पूर्ण थांबल्यावर पाऊल जमिनीवर टेकवावे. ब्रेक नेहमी दोन्ही एकत्र, हळूहळू दाबावेत. वाळूवर नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक घसरते.

सुरुवातीला सीट इतकी खाली असावी, की बसल्या जागी दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतील. आत्मविश्वास आला, की ती हळूहळू वर घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येऊन दुखणे वाढते आणि दोष मात्र सायकलला लागतो. हँडल उंच असावे, म्हणजे कंबर व मान अवघडत नाही. चप्पल नको, पायात घट्ट बसणारे बूट हवेत. विशेषतः मधुमेहामुळे ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत त्यांना. साडी, ओढणी किंवा धोतराचा सोगा चेनमध्ये अडकणार नाही असा पोशाख करावा. बॅटरीवर चालणारी सायकल चढावर सोयीची असते; पण ती वजनाला जड असते आणि चटकन वेग घेते, म्हणून आधी मोकळ्या मैदानात तिचा सराव करावा.

किती आणि केव्हा?

पहिल्या आठवड्यात सपाट, निर्वेध जागी एक दिवसाआड दहा मिनिटे पुरेत. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत यावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, म्हणजे 150 मिनिटे, हे जागतिक आरोग्य संघटनेने मध्यम श्रमासाठी सांगितलेले किमान प्रमाण आहे. वेगाचे माप सोपे आहे : सायकल चालवताना बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा हेच माप वापरावे.

पुरेसे उजाडल्यावर निघावे. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी परतावे आणि पाणी जवळ ठेवावे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरील पांढरे पट्टे व गटारांची झाकणे टाळावीत. रस्ता फार निसरडा असेल तर एक दिवस घरी राहण्यात कमीपणा नाही. भटकी कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नये; थांबून, उतरून सायकल मध्ये धरावी आणि शांतपणे पुढे चालावे. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक दम लागणे वा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही जाणवल्यास तिथेच थांबावे. सायकल चालवत घरी येण्याचा प्रयत्न करू नये. जवळच्या माणसाची मदत घ्यावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांसाठी दोन शब्द

आई-वडिलांविषयीची आपली काळजी रास्त आहे. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो. परंतु पडण्याच्या भीतीने हालचालच थांबवली, तर स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि घरातल्या घरात पडण्याचा धोका वाढतो. तेव्हा ‘नको’ म्हणण्याआधी ‘कसे’ याचा विचार करावा. सीट योग्य उंचीवर लावून द्या, ब्रेक व हवा तपासा, मागचे दिसण्यासाठी आरसा बसवा. त्यांच्या खिशात नाव, औषधे आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पहिले काही दिवस सोबत जा. वर्षानुवर्षे नीट चालणारी सायकल अलीकडे डगमगू लागली, ओळखीचा रस्ता चुकू लागला किंवा वारंवार खरचटून घरी येणे होऊ लागले, तर रागावू नका. तपासणीला घेऊन या. एखाद्या आजाराची ती पहिली खूण असू शकते.

आणि कधीतरी सायकल खरोखरच थांबवावी लागली, तर तो निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या. किल्ली लपवून ठेवू नका. तोपर्यंत मात्र त्यांना सकाळी बाहेर पडू द्या. कोपऱ्यावरून भाजी, वाचनालयातून पुस्तक, वाटेत जुन्या मित्राशी दोन शब्द आणि ठरल्या वेळी घरी परत, एवढा फेरफटका पुरेसा आहे. ज्येष्ठ वाचकहो, आपली सायकल कोपऱ्यात धूळ खात असेल तर या रविवारी ती दुकानात न्या, ब्रेक आणि टायर तपासून घ्या आणि पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा हा प्रश्न शेवटी न विचारता सर्वांत आधी विचारा.