विश्लेषण : लॅबमधले अर्धवट काम घरी कसे न्यायचे? ‘गिट २.५१’मध्ये नवे काय?

डिजिटल डेस्क, सातारा/सांगली : सॉफ्टवेअरच्या कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या मोफत प्रणालीची २.५१ ही आवृत्ती १८ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. यातली एक सुविधा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या थेट कामाची आहे. सांगलीचे वालचंद असो, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की साताऱ्यातील एखादे कॉलेज, कोरेगाव, तासगाव, विट्याहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलांचे प्रोजेक्ट निम्मे लॅबच्या संगणकावर आणि निम्मे घरच्या लॅपटॉपवर होते.

गिट म्हणजे काय?

गावच्या तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदवही आठवा. जमिनीत काय बदल झाला, कधी झाला, कोणाच्या नावे झाला याची क्रमांकासह नोंद तिथे असते आणि आजची स्थिती सातबाऱ्यावर दिसते. गिट कोडसाठी हेच करते. फरक इतकाच, की इथे जुन्या कोणत्याही नोंदीपर्यंत मागे जाता येते आणि संपूर्ण वही प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर असते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती लिहिली. त्याच वर्षीपासून जुनिओ हमानो तिची देखभाल पाहतात.

नवी सुविधा कोणती?

काम अर्धवट आहे, कोड चालत नाही, म्हणून पक्की नोंद करायची नाही. पण बदल फेकायचेही नाहीत. अशा वेळी ते ‘स्टॅश’मध्ये बाजूला ठेवता येतात. अडचण अशी होती, की स्टॅशचा हा गठ्ठा त्याच संगणकावर अडकून राही. लॅबमध्ये दुपारी ठेवलेले काम रात्री घरी मिळत नसे. मग पेनड्राइव्ह, स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवलेली झिप फाइल किंवा ‘टेम्प’ नावाच्या निरर्थक नोंदी. प्रोजेक्टच्या इतिहासात अशा वीस-वीस नोंदी सापडतात, त्यामागचे एक कारण हेच.

आता ‘गिट स्टॅश एक्स्पोर्ट’ ही आज्ञा सगळा गठ्ठा एका नावाखाली बांधते. ते नाव नेहमीप्रमाणे सर्व्हरवर ‘पुश’ करायचे, घरी ‘फेच’ करायचे आणि ‘गिट स्टॅश इम्पोर्ट’ दिले की गठ्ठा जसाच्या तसा उघडतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. नव्याने तयार केलेली, गिटला अजून माहीत नसलेली फाइल स्टॅशमध्ये आपोआप जात नाही. त्यासाठी ‘इन्क्लूड-अनट्रॅक्ड’ हा पर्याय द्यावा लागतो. दुसरे म्हणजे, रेपॉझिटरी सार्वजनिक असेल तर पाठवलेला स्टॅशही कोणाला पाहता येतो. त्यात पासवर्ड किंवा एपीआय की राहिली असेल, तर ती गेलीच समजा.

आणखी काय बदलले?

‘चेकआउट’ ही एकच आज्ञा शाखा बदलायची आणि फाइलमधले बदल पुसायचीही. नवशिक्यांचे काम त्यात अनेकदा वाहून जाई. त्यावर उपाय म्हणून ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन वेगळ्या आज्ञा ऑगस्ट २०१९ मध्येच आल्या होत्या, पण त्यांच्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का होता. तो आता काढला आहे. ‘चेकआउट’ बंद झालेले नाही, तरी नव्या मुलांना थेट ‘स्विच’च शिकवावे.

मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांसाठी मार्चमधल्या २.४९ आवृत्तीतील ‘बॅकफिल’ही उपयोगी आहे. घरी ‘फिल्टर’ लावून जुन्या फाइल्सशिवाय हलकी प्रत उतरवायची आणि उरलेला माल कॉलेजच्या वायफायवर एकदम भरून घ्यायचा. हे अजून प्रायोगिक आहे.

अपडेट टाळले तर?

इथे खरा धोका आहे. ८ जुलैला गिटमधील काही सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्या. त्यातल्या एकीमुळे, अनोळखी रेपॉझिटरी ‘रिकर्सिव्ह’ पद्धतीने क्लोन करताच हल्लेखोराचा कोड तुमच्या संगणकावर चालू शकतो. ही त्रुटी लिनक्स आणि मॅकवर आहे, विंडोजवर नाही. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने ऑगस्टमध्ये तिचा समावेश प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत केला. दुरुस्ती २.५०.१ आणि त्यापुढे आहे. जुन्या मालिकांसाठीही ती दिली आहे.

विंडोजवर ‘गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज’ एवढी आज्ञा पुरते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत प्रकार वेगळा. तिथे सुरक्षा दुरुस्ती येते, पण गिटचा क्रमांक जुनाच राहतो. म्हणजे ‘गिट व्हर्जन’मध्ये २.४३ दिसले म्हणून लॅबचा संगणक असुरक्षितच असेल असे नाही. नियमित अपडेट होतात का, हे लॅब असिस्टंटला विचारावे.

मात्र त्या संगणकावर स्टॅश एक्स्पोर्ट चालणार नाही. ही सुविधा वापरायला दोन्हीकडे २.५१ हवे आणि लॅबमध्ये विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर टाकायचा अधिकार सहसा नसतो. तोवर स्वतःच्या नावाची तात्पुरती शाखा काढून त्यावर काम पुश करावे आणि मुख्य शाखेत घेताना ‘स्क्वॉश’ करून सगळ्या ‘टेम्प’ नोंदींची एकच नीट नोंद करावी.