भरतकामातील उठाव

भरतकाम डोळ्यांनी पाहावयाचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. ज्याला त्याची पारख आहे तो मात्र प्रथम कापडावरून हलकेच बोट फिरवितो. सपाट कापडावर सूत कोठे, किती आणि कशाच्या आधाराने वर आले आहे, हे बोटाला जितके चटकन कळते तितके डोळ्याला कळत नाही. या उठावाचे प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे असतील, तर लखनौची छावणी हे त्यासाठी मोठे सोयीचे स्थळ होय.

१८५७ पूर्वी इंग्रजांची छावणी शहराच्या उत्तरेस मडियांव येथे होती. त्या वर्षीच्या रणधुमाळीत ती उद्ध्वस्त झाली आणि पुढे दिलकुशा कोठीच्या परिसरात नवी छावणी वसली. १९६३ पासून लष्कराच्या मध्य विभागाचे मुख्यालय येथे आहे. साहजिकच सर्व प्रांतांतील लष्करी कुटुंबे, आणि त्यांत मराठी कुटुंबेही, येथे बदलून येतात. अशा एखाद्या मराठी घरात उठावाचे तीन नमुने एकत्र नांदत असले तर नवल नाही : गणवेशावरील जरीचे चिन्ह, चौकातून आणलेला चिकनचा कुडता आणि गृहिणीच्या रुखवतातून आलेला, दोसुतीवर भरलेला लोकरीचा पोपट. तिन्ही ठिकाणी सूत वर आलेले आहे. पण तिघांची रीत अगदी वेगळी आहे.

जरदोजीत उठाव येतो तो खालच्या भरावामुळे. कापड लाकडी चौकटीवर ताणतात, आकृतीच्या आत जाड सुताचे टाके एकावर एक घालून किंवा पुठ्ठ्याचा तुकडा बसवून उंचवटा तयार करतात, आणि मग स्प्रिंगसारख्या वळविलेल्या धातूच्या तारेचे बारीक तुकडे त्यावर शिवून टाकतात. वरची चमक तारेची असली तरी आकार सगळा खालच्या भरावाचा असतो.

चिकनमध्ये असा भराव घालण्याची सोयच नाही. कापड तलम मलमलीचे. त्यावर जडपणा आला की पोत बिघडलाच. शिवाय लाकडी ठशांनी उमटविलेली नक्षी काम संपल्यावर धुऊन काढावयाची असते. म्हणजे जो उठाव असेल तो धोब्याच्या हातूनही टिकला पाहिजे. म्हणून येथे सूत स्वतःवरच रचले जाते. तांदळाच्या दाण्यासारखी लांबट ती मुर्री आणि बाजरीच्या कणासारखा गोल तो फंदा. फुलाच्या मध्यावर त्याच जागी पुन्हा पुन्हा बारीक टाके पडतात, तेव्हा कोठे एक दाणा उभा राहतो.

तिसरी रीत मखमली लवेची. गालिचा विणताना जी गाठ घालतात तिचेच हे सुईने केलेले रूप असून पाश्चात्य देशांत त्याला तुर्की टाका म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात लोकरीच्या भरतकामाची जी लाट आली, तिच्यात फुले, पक्षी आणि प्राणी अशाच कातरलेल्या लवेने भरले जात.

याची कृती अवघड नाही. शिस्त मात्र हवी. कापड दोसुतीसारखे जाड व घट्ट विणीचे घ्यावे. मलमल हा भार सोसणार नाही. लोकर किंवा सहापदरी सूत सुईत ओवावे. गाठ न मारता सुई कापडाच्या वरच्या बाजूने घालावी आणि सुताचे टोक वरच राहू द्यावे. त्याला लागूनच उलट टिपेचा एक लहान टाका घट्ट ओढावा. याने टोक पक्के बसते. पुढचा टाका ओढून न घेता त्याचा सैल वळसा बोटावर किंवा पेन्सिलीवर ठेवावा, आणि त्यानंतर पुन्हा एक घट्ट टाका घालावा. एक सैल, एक घट्ट, हा क्रम कधीही मोडू नये. कारण लव दिसते ती सैल वळशाची, पण तिला धरून ठेवतो तो घट्ट टाका. ओळी खालून वर रचाव्यात, म्हणजे भरलेले वळसे खाली पडून राहतात आणि नव्या ओळीच्या आड येत नाहीत. ओळी विरळ ठेवल्या तर मधून कापड डोकावते. सगळी जागा भरून झाल्यावरच वळसे कापावेत, लव विंचरावी आणि कात्रीने थोडी थोडी कातरून तिला गोलाई द्यावी. कमी कापलेले पुन्हा कापता येते, जास्त कापलेले जोडता येत नाही. सशाचे शेपूट, सूर्यफुलाचा मध्य, पिलाचे अंग, एवढ्याच जागी ही लव खुलते. सगळे कापड तिने भरले की नक्षीही जाते आणि मौजही.

या तिन्ही प्रकारांत सूत थोडे आणि वेळ फार लागतो. रुखवताचा पोपट विकावयाचा नसल्याने त्यातील वेळ कोणी मोजत नाही. चिकनची गोष्ट तशी नाही. ते काम मुख्यतः स्त्रिया घरी बसून, नगावर मिळणाऱ्या मजुरीत करतात. मजुरी नगावर ठरली की हळू टाका घालणारीचे नुकसान होते. म्हणून मोठे, भरभर पडणारे टाके वाढतात आणि मुर्री-फंदा मागे पडतात. मध्यस्थांच्या तावडीतून या स्त्रियांना सोडवावे या हेतूने १९८४ साली लखनौत ‘सेवा’ ही संस्था उभी राहिली. त्यांचीच व्यथा मुझफ्फर अली यांनी १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटात मांडली. २००८ साली लखनौच्या चिकनला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले.

तथापि, कायदा नावाचे रक्षण करतो. टाक्याचे रक्षण ग्राहकालाच करावे लागते. ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने बोटभर जागा लवेने भरली आहे, त्याला मुर्रीचा एक दाणा किती वेळ खातो हे सांगावे लागत नाही. दुकानात कुडता हाती आल्यावर तो आधी त्यावरून बोट फिरवील, आणि मग किमतीची घासाघीस करताना त्याची जीभ आपोआप आवरेल.