चाळीस मिनिटांची मुलाखत

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी आणि भवानीनगरचा साखर कारखाना मागे पडतो आणि सणसर येते. आषाढवारीत तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते. फेब्रुवारीत मात्र या गावातील घरे दोनच गोष्टींची वाट पाहत असतात : उसाच्या तोडीची आणि बोर्डाच्या परीक्षेची. ज्यांचे दुकान शेतकऱ्यांच्या उधारीवर चालते, त्यांच्या घरी या दोन्ही काळज्या एकाच पंगतीला बसतात.

अशा घरातील मुलाने ‘छातीत धडधडते’ म्हटले, तर उत्तर ठरलेले असते : ‘टेन्शन घेऊ नकोस.’ या उत्तरात माया असते, परंतु मुलाने नेमके काय करावे, हे त्यात नसते. शाळेत तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले, तर मुले टाळ्या वाजवून घरी जातात. त्यापेक्षा एका तासिकेची मुलाखत अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. गावातील एका मोठ्या माणसाला वर्गात बोलवावे आणि मुलांनीच त्यांना प्रश्न विचारावेत.

पाहुणा कोण असावा? यशाची कहाणी सांगणारा नको. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणारा शेतकरी चालेल, एसटीचा वाहक चालेल, खतांचा दुकानदार चालेल. वालचंदनगरच्या कारखान्यातील निवृत्त कामगार मिळाला, तर फारच उत्तम. ‘ताण’ हा शब्द यंत्रविद्येतही आहे. धातूवर पडणारी ओढ मोजताना तो वापरतात. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये शरीराच्या प्रतिक्रियेवरील आपले टिपण प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांच्या लेखनामुळे हा शब्द माणसाच्या बाबतीतही रूढ झाला. लोखंडाला विश्रांती लागत नाही, माणसाला लागते, एवढा फरक तो कामगार मुलांना सहज समजावून देईल.

खरे कष्ट प्रश्न तयार करण्यात आहेत. ‘तुम्ही तणावाचे व्यवस्थापन कसे करता?’ असे विचारले की उपदेशच ऐकावा लागतो. त्याऐवजी एक प्रसंग विचारावा. ‘गेल्या वर्षी कोणत्या रात्री झोप लागली नाही? त्या रात्री प्रथम काय केले? कोणाला सांगितले? काय केल्याने उलट त्रास वाढला?’ यांतला शेवटचा प्रश्न मुलांना सर्वाधिक आवडेल. मोठी माणसेही चुकतात, हे त्यांना क्वचितच अधिकृतपणे ऐकायला मिळते. प्रश्न आदल्या दिवशी पाहुण्यांना द्यावेत आणि ‘याचे उत्तर मी देणार नाही’ म्हणण्याचा अधिकारही द्यावा.

चाळीस मिनिटांपैकी वीस मिनिटे मुलाखतीला पुरतात. आरंभीची पाच स्वागताला, आणि त्यानंतरची दहा मिनिटे प्रत्येकाने आपल्या वहीत दोन ओळी लिहिण्यासाठी : ‘मी यांतले काय करून पाहीन, आणि कोणाला सांगेन?’ ती वही कोणी वाचू नये. राहिलेल्या वेळात सर्वांनी मिळून सावकाश श्वास सोडण्याचा सराव करावा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यावा, म्हणजे धडधड कमी होते. वर्गासमोर कोणत्याही मुलाला स्वतःचे दुःख सांगायला लावू नये. एखादे मूल नंतर रेंगाळले, तर शिक्षकांनी थांबावे, ऐकावे आणि गरज भासल्यास त्याच दिवशी पालकांशी बोलावे. टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा. तो विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो.

आता आपल्या घरांविषयी. व्यापारात पत हीच पुंजी. वसुली अडकली हे बाजारात कळले, तर उद्या माल देणारा हात आखडता घेतो. म्हणून दुकानदार गल्ल्यावर हसतमुख बसतो. ही सावधगिरी धंद्यात योग्यच आहे. पण दुकानामागेच घर असते आणि मूल ती सावधगिरी जशीच्या तशी उचलते. चाचणीत गुण कमी पडले की तेही आपली ‘पत’ सांभाळू लागते. उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी जाते, चेहरा हसरा राहतो. माझ्या लहानपणी वडिलांची खतावणी आणि माझे प्रगतिपुस्तक या दोन्ही गोष्टी एकाच कपाटात होत्या आणि दोन्हींविषयी घरात कोणी बोलत नसे.

म्हणून पहिली मुलाखत शाळेत व्हावी आणि दुसरी घरी. मुलाने वडिलांना किंवा आजोबांना तेच चार प्रश्न विचारावेत. रकमा आणि नावे सांगण्याची गरज नाही. तेवढी पत राखूनही उत्तर देता येते. ‘त्या दिवाळीत मला भीती वाटली होती. मी आधी तुझ्या आजीला सांगितले, मग येणी कागदावर मांडली,’ एवढे वडिलांच्या तोंडून ऐकले, तरी दप्तराच्या तळाशी गेलेला कागद वर येण्याची शक्यता वाढते.

शिक्षकांना एकच व्यवहारी सूचना. पाहुणा दुकानदार असेल, तर तासिका सकाळची ठेवावी. संध्याकाळी बोलावले, तर त्याचे निम्मे चित्त गिऱ्हाइकाकडेच राहील.